जुन्या दारावरचा चहा

आमच्या ऑफिसच्या वेबसाइटची पानं नव्या जागी हलवून बरेच दिवस झाले. कुणी जुना पत्ता टाकला, तर प्रोग्रॅममधली एक लहानशी ओळ त्याला गुपचूप नव्या पानावर नेऊन सोडते. आज शेजारी बसणारी मृणाल म्हणाली, "या ओळी काढून टाकू या का? उगाच पसारा." मी स्क्रीनवर वेबसाइटला आलेल्यांची नोंद पाहिली. एका जुन्या पत्त्यावर नुकतंच कुणीतरी येऊन गेलं होतं.

मला सुमनकाकू आठवल्या. आम्ही सरकारी क्वार्टर सोडून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो, तरी पाहुणे कितीतरी वर्षं जुन्याच दारी जायचे. शेजारच्या सुमनकाकू त्यांना आत बोलवायच्या, चहा-पोहे द्यायच्या आणि मगच सांगायच्या, "पाण्याच्या टाकीमागे, निळं फाटक." पाहुणे आमच्याकडे यायचे ते पोट भरून. आई चिडायची. "या सुमनमुळे माझ्या घरी कुणी घोटभर चहा घेत नाही."

पुढे काकूही मुलाकडे राहायला गेल्या. त्यानंतर एकदा आईचे मामा आले. जुन्या क्वार्टरमधल्या नव्या बिऱ्हाडाने "माहीत नाही" म्हणून दार लावून घेतलं आणि मामा आल्या पावली परत गेले. कळलं तेव्हा आई ओट्यापाशी उभी होती. "सुमन असती तर चहा तरी मिळाला असता त्यांना," एवढंच म्हणाली.

मृणाल उत्तराची वाट बघत होती.

"राहू देत त्या ओळी," मी म्हटलं. "अजून येतंय कुणीतरी."