मिठातलं इंजिन

सोनारीजवळच्या धरणात एका चाचांचं शिडाचं जुनं लाकडी होडकं होतं. त्याचं पेट्रोलचं इंजिन इतकं म्हातारं, की ते खोकलं की अख्ख्या परंडा तालुक्यातल्या म्हशी पान्हा चोरायच्या. चाचा कोकणातले खलाशी, उतारवयात इकडं लेकीकडं आलेले. मी मेकॅनिक. एकदा इंजिन उघडलं, तर आत नुसता गंज! इंजिन थंड करायच्या पाण्याच्या टाकीत चाचा पिशवीतलं मीठ मुठीमुठीनं टाकत होते.

“चाचा, इंजिनाचं लोणचं घालताय व्हय? मरंल की ते!”

“मरेल तेव्हा मरेल. गोड्या पाण्यात त्याला करमत नाही, बेटा.”

मी गंज खरवडून इंजिन सुरू केलं. मागच्या नळीतून तेच खारं पाणी उडालं. चाचांनी तोंड पुढं केलं, डोळे मिटले आणि हळूच ओठ चाटले.

मिठाची पिशवी मी होडक्यातच राहू दिली.