टू हेवी, सर

"एलिया, उद्यापासून तू वाळू चाळायची," असं लुईससाहेबाने इंग्रजीत सांगितलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. साहेबाचा चेहरा असा, की जणू बक्षीसच दिलं.

एलिया "थँक्यू सर" म्हणाला. साहेब वळला तसा माझ्याजवळ आला. तोंड उतरलेलं.

"मोझेसभाऊ, मला खाली का उतरवलं हो?"

मला तरी काय ठाऊक?

ही हैफातली गोष्ट. आपलं ज्यूंचं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी एका फाउंड्रीत मुकादम होतो. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि पाइप, झाकणं, पंपाचे भाग तयार करायचे. मुंबईला माझगावात मी हेच केलेलं, म्हणून इथे हाताखाली माणसं मिळाली. शिक्षण विचाराल तर मराठी तिसरी. लुईससाहेब इंजिनियर, दक्षिण आफ्रिकेतून आलेला. त्याला हिब्रू येत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. मग राहिलं इंग्रजी. त्याचं घरातलं, आमचं कारखान्यात ऐकून उचललेलं.

एलिया रेवदंड्याकडचा. बायको, दोन पोरी आणि म्हातारी आई घेऊन माबाऱ्यात राहायचा. माबारा म्हणजे नव्या आलेल्यांची छावणी. पत्र्याच्या खोल्या, उन्हात भाजायचं आणि थंडीत गळायचं. कायमची नोकरी लागली तरच तिथून निघायची आशा. कायम नोकरीला इथे कवीऊत म्हणतात. ती मिळाली की तुम्हाला सहजी कोणी काढत नाही. त्याच महिन्यात साहेब कायम करायची नावं वर कळवणार होता. लोखंड ओतणाऱ्याचं नाव जाणार. वाळू चाळणारा रोजंदारीवरचा, आज आहे तर उद्या नाही.

ओतणं म्हणजे नुसती ताकद नव्हे. वितळलेल्या लोखंडाचा डोल असतो, त्याला लॅडल म्हणतात. दोघे मिळून उचलतात. एका टोकाला सरळ दांडा, दुसऱ्या टोकाला दोन शिंगं. शिंगं ज्याच्या हातात तो ओततो. धार एकदा सुरू झाली की साचा भरेपर्यंत तुटता कामा नये. तुटली तर आधीचं लोखंड गार होतं, पुढचं त्याला धरत नाही, आणि माल भंगारात. एलियाची धार तुटायची नाही. असा हात मी मुंबईतही थोडाच पाहिला.

म्हणून मी त्याला बाजूला घेतलं. "खरं सांग, साहेबाला काय बोललास?"

"काही वाईट नाही हो. त्याने विचारलं, काम कसं वाटतं? मी म्हटलं, टू हेवी, सर. टू हॉट, सर. बट टू गुड, सर."

"आणखी?"

"तुमच्याबद्दल विचारलं. म्हटलं, मोझेस टू स्ट्रिक्ट."

"बरं केलंस, गाढवा."

पण मला त्यात चूक दिसेना. काम फार जड आहेच. भट्टी फार गरम आहेच. मीही असाच बोलायचो, माझगावात सगळेच बोलायचे. म्हणून मी सरळ साहेबाच्या खोलीत गेलो आणि ठोकून दिलं, "सर, एलिया टू गुड मॅन. टू स्ट्राँग."

साहेब हसला. म्हणाला, "ठाऊक आहे, मोझेस. म्हणूनच तर. एवढ्या चांगल्या माणसाची कंबर मी मोडणार नाही. झेपत नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्याने. किती जण सांगतात?"

झेपत नाही हे एलिया कधी बोलला? साहेब भला माणूस, हीच अडचण. शिव्या देणारा असता तर भांडता तरी आलं असतं.

घरी येऊन लेआला सांगितलं. लेआ माझी बायको. मुंबईत इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेली, मग बापाने शाळेतून काढली. माझं ऐकून आधी इतकी हसली की हातातला झारा खाली ठेवला. मग एकदम म्हणाली, "अहो, त्या पोराचा घात झाला की."

"कसा?"

"आपला 'फार' हा शब्द एकटाच दोन घरचं पाणी भरतो. भाजी फार चांगली झाली, असंही म्हणतो आपण. भाजीत मीठ फार झालं, असंही म्हणतो. पहिली खाता येते, दुसरी येते का? इंग्रजीत या दोन फारांची घरं वेगळी. चांगल्या भाजीचा फार म्हणजे व्हेरी. खारट भाजीचा फार म्हणजे टू. एलिया साहेबाला सांगून आला की लोखंड खारट झालंय, मला जात नाही."

"आणि मी?"

"तुम्ही वर आणखी मूठभर घातलंत."

लेआ आता नाही. पेसाखच्या सणानंतर गेली. स्वयंपाक मीच करतो. मीठ कधी पडतं, कधी राहतं. सांगायला कोणी नाही. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलियाला गाठलं. म्हटलं, टू आजपासून बंद, व्हेरी म्हण. तो वाळूच्या ढिगाशी चाळण हलवत पुटपुटत राहिला, व्हेरी, व्हेरी. साहेब आला तसा मी म्हटलं, "सर, मिस्टेक झाली. प्लीज एलियाला परत विचारा."

साहेबाने सावकाश विचारलं, "एलिया, इज द लॅडल टू हेवी फॉर यू?"

एलियाने छाती काढली. "व्हेरी, सर! व्हेरी व्हेरी!"

मी कपाळावर हात मारला. साहेबाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच त्या बिचाऱ्याला मारून उभा केलाय.

एलियाला कळलं की पुन्हा काहीतरी उलटं पडलं. माझ्याकडे पाहून मराठीत ओरडला, "भाऊ, खड्ड्यात गेलं तुमचं व्हेरी! आईला मी काय सांगू?" हातातली चाळण टाकली. सरळ लॅडलपाशी गेला, शिंगं धरली आणि साहेबाकडे वळला.

"हेवी, सर," म्हणाला. "आय कॅन."

हेवीच्या पुढे-मागे काही नाही. साहेब भट्टीकडे बोट दाखवून म्हणाला, "शो मी."

दुपारी लोखंड तयार झालं. सरळ दांडा मी धरला, शिंगं एलियाने. साहेब जवळ उभा. साचा मोठा होता. धार सुरू झाली आणि साचा काठोकाठ भरेपर्यंत एकसारखी राहिली. एलियाचे दंड थरथरत होते, मनगट नाही. गार झाल्यावर साचा फोडला, माल एकसंध निघाला.

साहेबाने त्यावर हात फिरवला. म्हणाला, "गुड."

आणि गेला.

एलिया घाबरला. "नुसतं गुड? व्हेरीसुद्धा नाही? गेली नोकरी."

गेली नाही. महिनाअखेर त्याचं नाव वर गेलं. कवीऊत मिळाली, पुढे माबाराही सुटला. त्याची म्हातारी मला दारात धरून रडली.

तेव्हा साहेबाशी इंग्रजीत बोलायला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. टू म्हटलं की तक्रार होते. व्हेरी म्हटलं की नुसतं वर्णन होतं. नोकरी हवी असेल तर दोन्ही घरी ठेवून जा.