टेपमधला तिचा आवाज

बायको गेली त्याला हा दुसरा हिवाळा. भिंतीवर तिचा फोटो आहे. पदर डोक्यावर, ओठ मिटलेले. चेहरा काही विसरायचा प्रश्न नाही, रोज उठलो की समोर असतो. पण एक दिवस संत्र्याच्या झाडाला आळं करून राहिलो होतो अन् मागून तिनं हाक मारल्यासारखं वाटलं. मी फावडं टाकून वळलो. कोणी नव्हतं. तेव्हा ध्यानात आलं की ती हाक कशी होती हेच मला आठवत नाही. शब्द आठवतात. आवाज येत नाही कानात. लोकांना सांगितलं तर म्हणतात, म्हातारपण आहे. म्हातारपण काय असतं ते मला ठाऊक आहे, गुडघे दुखतात. हे ते नाही.

मोबाईलमधेही तिचा आवाज सापडेना. ती त्याच्यावर बोलायचीच नाही. फोन आला की माझ्या हातात द्यायची अन् बाजूला उभी राहून सांगायची, "त्याइले म्हणा हे, त्याइले म्हणा ते." समोरच्याला माझाच आवाज जायचा.

मग टेपवाला कॅमेरा आठवला. एका साली संत्र्याचा बहार साधला तेव्हा नागपूरहून आणला होता. लग्नातले शूटिंगवाले पाहून मला नाद लागला होता, दुसरं काही कारण नाही. पांढुर्ण्यात आमच्या गल्लीत कोणाकडं नव्हता म्हणून दोन-तीन वर्षं मिरवला, मग ठेवून दिला. टेपा तिनं पत्र्याच्या पेटीत गव्हासारख्या ठेवल्या होत्या, वर कडुनिंबाचा पाला टाकून. पाल्याचा भुगा झाला होता, टेपा शाबूत होत्या.

वायर लावून कॅमेरा चालू केला. त्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर ती दिसली. चालली, वळली, काहीतरी बोलली. पण कॅमेऱ्यातला भोंगा मेलेला. ओठ हलत होते, आवाज नाही. टीव्हीला जोडायची वायर उंदरानं खाल्लेली. मुक्या बाईसारखी ती बोलत राहिली अन् मी बहिऱ्यासारखा पाहत राहिलो.

पोरगी सौंसरला दिली आहे. तिला फोन केला तर म्हणाली, "बाबा, आमच्या इथं एक शूटिंगवाला हाये, जुन्या टेपा कॉम्प्युटरमधे भरून देते. घेऊन या." शनिवार होता. बस जामसांवळीच्या मारुतीला निघालेल्या भक्तांनी भरलेली, नारळ अन् हारांच्या पिशव्यांत मी माझी पिशवी छातीशी धरून उभा.

पोरीनं मला त्याच्या दुकानात नेलं. शूटिंगवाला पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलायला मोकळा. नव्या कॉम्प्युटरला या कॅमेऱ्याचं भोकच नसतं म्हणून त्यानं एक जुना डबा सांभाळून ठेवला होता. टेप हातात घेऊन म्हणाला, "काका, तुमच्या पांढुर्ण्याच्या गोटमारीची हाये का, पोळ्याले गोटे मारतात त्याची? असन तं एक कॉपी मले पाह्यजे."

"गोटमारीची नाई. तुह्या काकूची हाये."

"काकूनं कोणाले गोटे मारले?"

पोरीनं त्याच्याकडं डोळे वटारले. मी म्हटलं, "मारले असते तं मलेच मारले असते. ती नाई आता. तिचं बोलणं काढून दे." मग त्यानं खुर्ची पुसली अन् मला जवळ बसवलं.

पहिलं नुसता निळा पडदा. मग आमचं अंगण आलं, बैलाच्या गळ्यातली घाटी वाजली. म्हणजे टेपवर आवाज होता! वेचणीच्या बाया बसलेल्या, कापसाचा ढीग. ढिगामागून ती उठली, पदर खोचला, माझ्याकडं पाहून तोंड उघडलं.

अन् पडदा थिजला. घाटी बंद. माऊसचा बाण हलेना, काही हलेना.

"हँग झाला," शूटिंगवाला म्हणाला अन् बटणाकडं हात नेला. मी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"काका, बंद करूनच चालू करा लागन."

"करजो. जरा राहू दे."

तोंड उघडलेलं, हात कमरेवर. माझ्यावर ओरडायच्या तयारीत. पोरगी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. मग मीच म्हटलं, कर बंद.

त्यानं पहिलं सगळं दुसरं काम बंद केलं, व्हायरस पाहणारा प्रोग्राम बंद केला. पुन्हा टेप लावली. या बारीला ती दिसायच्या आधीच थिजला. मग म्हणाला डिस्क भरली असन. कोणाकोणाची जुनी लग्नं त्यानं पुसली, जागा केली. पुन्हा थिजला, भलत्याच जागी. तिथं त्यानं डोकं खाजवलं.

"काका, एक गोष्ट चांगली हाये. टेपात खोट असती तं दर बारीले एकाच जागी अटकली असती. टेप चांगली हाये तुमची."

"मंग काय वाईट हाये?"

"थेच पाहून राहिलो ना."

वायर बदलली. तेच. पुन्हा चालू करून त्यानं कॅमेरा उचलला, वायर जिथं खुपसतात तिथं बोटानं जरासं हलवलं, अन् त्या हलवण्याबरोबर पडदा थिजला. "हे पाहा," तो म्हणाला. "इथं जोड सुटते. कॅमेरा गायब होते अन् कॉम्प्युटर त्याची वाट पाहत बसते. दुसरं कामच करत नाई मंग." वायर काढून त्यानं मोबाईलचा उजेड आत मारला.

"काका, याच्यात काय भरलं? लाल लाल दिसून राहिलं."

मला पाहायची गरजच नव्हती. दसऱ्याला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. विळा, फवारणीचा पंप, मोटरीचा स्टार्टर, शिलाई मशीन, सगळं ओळीनं मांडायची ती, अन् त्या ओळीत कॅमेराही. काचेला बोट लागू नये म्हणून बाजूचं रबरी झाकण उघडायची अन् ओलं हळदीकुंकू आत टेकवायची. "आत लावलं की पुसत नाई," म्हणायची. मी शूटिंग सोडलं तरी तिनं दसरा सोडला नाही. त्या बारीक भोकात साल दर साल थर चढत गेला.

मी सांगितलं तसा शूटिंगवाल्यानं काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटची बाटली काढली. पण हात पुढं नेईना. पोरीकडं पाहू लागला.

पोरगी म्हणाली, "बाबा, नका ना. तिच्या हातचं हाये ते."

"मंग?"

"सवाष्ण गेली माय. अन् तिचं कुंकू तुम्हीच पुसता?"

शब्द लागला मला. पण मी शिकलेला नाही, मला गोल बोलता येत नाही. म्हटलं, "मायचा फोटो तुह्या घरी हाये, माह्या घरी हाये. फोटोले कुंकू हाये. तिचं बोलणं कोणाच्या घरी हाये, सांग?"

तिनं पदरानं नाक पुसलं अन् मान हलवली.

शूटिंगवाल्यानं कॅमेरा घट्ट धरला, काडी मी धरली. पहिला कापूस लाल आला, दुसरा पिवळसर, मग नुसता ओला. मी टाकायला गेलो तर पोरीनं माझ्या हातातून घेतला, रुमालात बांधला. मी अडवलं नाही.

सुकू दिलं. वायर लावली. निळा पडदा, अंगण, घाटी. ती ढिगामागून उठली, पदर खोचला, तोंड उघडलं.

"काहो, बाया खोळंबल्या मापाले, अन् तुम्ही ते डबं घेऊन काय फिरून राहिले?"

आवाज बारीक होता, घाईचा. दोन हिवाळे मी कानात जो शोधत होतो तो जाड होता, दुसऱ्याच कोणाचा तरी. हा तिचा. ऐकल्याबरोबर हातापायाला ओळखू आला, मी बसल्या जागेवरून उठायला निघालो. पोरगी रडता रडता हसली, "बाबा, बसा."

टेपमधे मी काहीतरी पुटपुटलो अन् कॅमेरा ओट्यावर ठेवला, चालूच. मग माप घ्यायला गेलो असेन. पडद्यावर गोठ्याची भिंत तेवढी राहिली, अर्धं शेपूट, कुडाला टांगलेलं दोरखंड. बराच वेळ तेच.

शूटिंगवाला दबक्या आवाजात म्हणाला, "काका, इथून पुढं काई नाई. भिंतच दिसते. कापू का?"

भिंतीच्या आडून ती बायांशी बोलत होती. कोणाचं लेकरू तापलं होतं, त्याला काय द्यायचं ते सांगत होती. मधेच कोणाला तरी हसली. माप बरोबर धरा म्हणून माझ्यावर खेकसली.

मी म्हटलं, "कापू नको. ती बोलून राहिली."