ठकू आडवी गेली

आमच्या घराण्यात परदेशी जाण्याची पद्धत नव्हती, पण एकदा आम्ही गेलो. बैलगाडीतून.

त्या काळी ढोकीजवळचं आमचं गाव निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या. मधे करोडगिरीचा नाका. तिथला शिपाई सामान उपसून बघायचा, जकात घ्यायचा आणि दिवस मावळला की दांडा आडवा टाकून मोकळा! आमच्या ह्यांना बार्शीच्या गिरणीत कारकुनी मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोंग्याला हजर नाही झालं, तर जागा दुसऱ्याची.

"तिकडं एकच खोली हाय. साधं राहायचं," असं ह्यांनी बजावलं होतं. सासूबाईंनी मान डोलावली आणि साधं म्हणून हंडे, जातं आणि पाळणा घेतला. पाळण्यात घालायला घरात मूल नव्हतं, मांजर होती. ठकू! सायीशिवाय दुधाला तोंड न लावणारी.

वेशीतच ठकूनं पाळण्यातून उडी मारली आणि बैलांसमोरून गेली.

"थांबव गाडी!" सासूबाई ओरडल्या. "मांजर आडवं गेलं!"

गाडी घरी परतली. पाणी पिऊन पुन्हा निघालो. ओढ्याजवळ ठकू पुन्हा उतरली. पुन्हा खोळंबा! हे वाटभर अंधश्रद्धेवर भाषण देत होते. ऐकत फक्त बैल होते, कारण त्यांना पळून जाता येत नव्हतं.

नाक्यावर पोचलो तेव्हा ऊन बाभळीच्या शेंड्यावर होतं. शिपायानं पाळण्यावरचं फडकं उचललं. ठकू बाहेर आली, रस्ता आडवा ओलांडून इंग्रजांच्या हद्दीत गेली आणि तोंड धूत बसली. जकात न देता!

"जाओ अम्मा, जाओ," शिपाई म्हणाला.

"आता कसं जायचं? मांजर आडवं गेलंय."

"अरे अम्मा, बिल्ली तो तुम्हारीच है!"

"मग? घरचं म्हणून अपशकुन कमी हुतो व्हय?"

एव्हाना मागच्या गाड्यांना बातमी लागली. आता कुणीच हलेना.

"तुमी व्हा की पुढं."

"छे छे, तुमी वडीलधारे, मान तुमचा!"

ज्याच्यापुढं सगळा मुलूख हात जोडायचा, त्या शिपायानं आमच्यापुढं हात जोडले. "नाका बंद करना है मेरेकू!"

"मग तूच जा की बाबा आधी," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं रस्त्याकडं पाहिलं, मिशी कुरवाळली. "मेरी ड्यूटी इधरच है."

"बापू, तू तर मानत न्हाईस न्हवं?" सासूबाई ह्यांच्याकडं वळल्या. "हो पुढं."

"मानत न्हाईच मी! पर जोड्यात खडा गेलाय." हे खाली बसले आणि तांदूळ निवडावेत तसा जोडा निवडू लागले.

मग सगळ्यांचे डोळे माझ्यावर आले.

"सूनबाई, उतर."

म्हणजे अपशकुन कुणाला तरी लागायचाच, तर निदान स्वस्तातला माणूस जावा! एवढे पुरुष बघून मी पदर हनुवटीपर्यंत ओढला. मनातून सगळ्यांना हसत होते. तरीही रामराम म्हणत हद्दीची रेघ ओलांडली आणि पदरामुळं काही न दिसल्यानं थेट पलीकडं उभ्या असलेल्या एका गाढवावर आदळले.

"गेला अपशकुन!" मागून कुणीतरी आनंदानं ओरडलं. गाड्या सुटल्या. ह्यांना खडाही लगेच सापडला.

नोकरी टिकली. पाळणा खोलीच्या दारातून आत जाईना, तो बाहेरच राहिला. ठकू मात्र दोन दिवसांत कोरडी भाकरी खाऊ लागली. सायीसाठी कुरकुरत राहिलो ती आम्ही माणसं.

हे पुढं सांगत फिरायचे, "आमच्या घराण्यात परमुलखात पहिलं पाऊल मी टाकलं!" खरं तर पहिली ठकू, दुसरी मी. चारचौघांत हे बोलायची माझी छाती नाही, म्हणून आज गुपचूप लिहायला बसले. तेवढ्यात ठकूची पणती कागदावरून आडवी गेली.

कागद बाजूला ठेवून, पाणी पिऊन आले आणि मगच पुढचं लिहिलं.