खंडेनवमीनंतरची पुंगळी

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणी मला बेदम मारलं. पट्ट्यानं, चपलेनं, हाताशी येईल त्यानं. नोकरी लागली तेव्हाच मी ठरवलं होतं, पुन्हा हात उठला की घर सोडायचं. बरीच वर्षं तो उठला नाही.

मी रायफलच्या स्पर्धा खेळते. काडतुसं पुन्हा भरायचा रीतसर परवाना आहे. आमच्या देवपूरच्या घरात, मागच्या खोलीत, नाना मदतीला बसायचे. पोलिसांच्या शस्त्रागारात त्यांची हयात गेलेली. बार झाला की काडतुसाची पितळेची पुंगळी फुगते. तिला तेल लावायचं, प्रेसवरच्या पोलादी साच्यात दाबायचं आणि मूळ मापावर आणायचं. काही पुंगळ्या भलत्याच हट्टी असतात. पितळ सारखं दाबलं-ठोकलं की कडक होतं आणि मग तडकतं, हे मला नानांनीच शिकवलं. पोरांच्या बाबतीत मात्र त्यांना ते कधी सुचलं नाही.

खंडेनवमीला त्यांनी प्रेस आणि साचा हळद-कुंकू वाहून पूजला. दुसऱ्या दिवशी पहिलीच पुंगळी साच्यात रुतून बसली. प्रेसचा दांडा ओढला तर तिची कडच फाटून आली. स्पर्धा तोंडावर, साचा एकच. नानांनी हातोडा उचलला आणि शिव्या देत असे ठोकत सुटले की टेबलावरचे डबे खाली आले.

"नाना, थांबा! साचा फुटेल. आत कुंकू गेलंय, पूजा करताना तुमच्याच हातून."

"तुना बापले शिकाडस का?"

हातोडा त्यांनी फेकला आणि माझ्या थोबाडावर हात उगारला. मी मनगट हवेतच धरलं, पिरगाळलं आणि त्यांना टेबलावर वाकवलं. तेलानं बुळबुळीत झालेलं ते मनगट किती बारीक झालं होतं!

"सोड. दुखस."

ऐकलं, आणि आणखी पिरगाळलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

त्यांनी मान वळवून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी हसत होते.

"आते शोभनी मनी पोर."

आता कुठे त्यांची पोर शोभले म्हणे! मी हात सोडला. 

ठरवल्याप्रमाणे बॅग भरली आणि संध्याकाळची जळगावची बस धरली. पदकं भिंतीवरच राहिली. त्यातलं कुठलंही आणलं तेव्हा नाना मला असं म्हणाले नव्हते.