हलगीचं कातडं

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे कोणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं.

आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, हलगी वाजवायचे. ताफा तिघांचा: हलगी, संबळ, सनई. लोक सनईवाल्याकडं बघतात, पण तो चालतो हलगीच्या मागं. हलगीनं चाल बदलली की तो गाणं बदलतो. हलगी थांबली की वरातीतले पाय थांबतात.

कातडं गारठलं की ढिलं पडतं, बदबद वाजतं. म्हणून हलगी आधी जाळावर शेकायची. ते काम माझं. चारचौघांत मला बोलता येत नाही, पण मांडवामागं काटक्या पेटवून बसायला कसली लाज? शेकायची, टिचकी मारायची, टण्ण वाजली की काढायची.

पुढं वरातीत डीजे आले. भिंतीएवढ्या बॉक्सशेजारी मालक काही हंगाम वाजवत राहिले आणि त्यातच त्यांचे कान गेले. डॉक्टर म्हणाले, आता परत येणार नाहीत. मालकांनी ताफ्याला कळू दिलं नाही, मलाही सांगू दिलं नाही.

त्या वर्षी एकच सुपारी आली, काष्टी गावची. नवरदेवाच्या आजोबांना कातडी हलगीच हवी होती. त्यांनी इसार दिला आणि म्हणाले, "नीट वाजवा. आमच्या भावकीतली सगळी लग्नं तुमालाच." इसारातून नवं कातडं मढवलं, उरलेले पैसे घरात संपले.

वरातीच्या वेळी मी हलगी शेकून दिली. चांगली टण्ण वाजत होती. मालकांनी टिपरू मारून बघितलं.

"ढिली हाय. अजून शेक."

"झाली. आता फाटंल," मी म्हटलं. माझा आवाज तो केवढा! त्यांना ऐकू गेलं नाही. भोवती माणसं, मोठ्यानं बोलवेना. मी हातानं नको नको केलं.

"तुला काय कळतंय? आण इकडं." त्यांनी स्वतःच हलगी जाळावर धरली.

संबळवाला हसला. "दादा, हलगी शेकताय का भाकरी?"

वरात निघाली. चार पावलांत कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलं. सनई थांबली, संबळ थांबलं. मालक फाटक्या कातड्यावर वाजवतच राहिले. मान डोलवत. पोरं हसायला लागली तेव्हा मी गर्दीत शिरून त्यांचा हात धरला.

गावातलाच डीजे आला. आजोबा म्हणाले, "इसार राहू द्या."

मी ते मालकांना खुणेनं सांगितलं. ते म्हणाले, "न वाजवता पैसा ठेवत नसतात."

ताफा मोडला. संबळवाला दुसरीकडं गेला, सनईवाल्यानं सनई विकली. मालक दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसतात. मी कांदे काढायला जाते. त्या मजुरीतून बाजाराच्या दिवशी थोडे थोडे पैसे काष्टीला नेऊन दिले.

शेवटचे द्यायला गेले तेव्हा आजोबा वारले होते. मुलगा दारात आला.

"हे कशाचे, मावशी?"

"हलगीच्या इसाराचे. राहिलेले."

"व्हय का? बाबांनाच हौस हुती त्याची." त्यानं मोजून खिशात घातले.

घरी आल्यावर मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हात झटकून दाखवले. सगळे फिटले.