भोंग्यातून गेलेली प्रार्थना

"वेळ नाय? अन् चहाला कुठनं आला रे वेळ?"

समोर कोण उभं आहे हे न पाहता आमचे कंट्रोलर हा प्रश्न विचारायचे. विचारताना चष्मा कपाळावर सारायचे. औरंगाबादच्या बसस्टँडवर गाड्या फलाटाला लावायच्या, सोडायच्या आणि भोंग्यावरून त्यांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. माझी चौकशीची खिडकी त्यांच्याच केबिनमध्ये होती. त्यामुळे त्यांचा हा टोमणा मी पगाराइतकाच नियमित खाल्ला आहे.

तुम्ही स्टँडवर नोकरी केली नसेल, पण ताटकळला तर असाल. तिथे माणसाला धड खोकायलाही उसंत नसते. अशा जागी या गृहस्थांनी आपली भक्ती चालवली होती. ते ख्रिस्ती, छावणीत राहायचे. खिशात शिट्टीला चिकटून बायबलचा छोटासा नवा करार. खुलताबादची गाडी सुटली की डोळे मिटून एक प्रार्थना, कन्नडची लागायच्या आत दुसरी.

मी म्हणायचो, "साहेब, तुमचा देव कंडक्टरच दिसतो. उभ्या उभ्या तिकीट फाडतो."

"तुझा तर दिवाळीलाच कामावर येतो," ते म्हणायचे. "तू बोलू नको."

त्यांच्या चर्चची मंडळीही त्यांना टरकून असत. कामाच्या व्यापामुळे रविवारी उपासनेला येता आलं नाही, असं एका अधिकाऱ्यानं सांगितलं, तर हे चर्चच्या भर फाटकात म्हणाले, "व्याप? तुझ्या टेबलावर माशा झोपा काढत्यात." पाहुणे आले म्हणून न आलेल्या बाईंना म्हणाले, "पाहुण्यांना बी आणायचं. आपल्या बाकड्यांवर लई जागा रिकामी आहे." देवाशी दिवसातून इतक्यांदा बोलणारा माणूस माणसांशी इतका खवचट कसा, याचा मी फार विचार केला नाही. दुसऱ्याच्या भक्तीला नावं ठेवणं हा आम्हा बसून काम करणाऱ्यांचा आवडता उद्योग. त्यात विचार करावा लागत नाही.

अजिंठ्याच्या गाडीवर एक तरुण ड्रायव्हर होता, अगदी अबोल. त्याची बायको माहेरी निघून गेली होती. भावाच्या लग्नाला गेलीय, असं तो सगळ्यांना सांगत असे. खरं काय ते त्यानं एकट्या कंट्रोलरना सांगितलं. या जळजळीत जिभेच्या माणसाची त्यानं का निवड केली, कोण जाणे.

एका दुपारी कंट्रोलरनी अजिंठ्याची गाडी पुकारली, माईक बंद करायला बटण खाली केलं आणि डोळे मिटले. बटण मध्येच अडकलं होतं, माईक चालूच राहिला. बाहेरच्या भोंग्यातून साऱ्या स्टँडवर ऐकू येऊ लागलं, ड्रायव्हरच्या नावागावासकट:

"प्रभू, हा गाडी नीट चालवतो, पण ह्याच्या घरची चूल थंड आहे. बायको माहेरी जाऊन बसलीय. ह्याची आई तिला टाकून बोलत होती तेव्हा ह्यानं तोंड उघडलं नाय. चूक ह्याची आहे. ह्याला जीभ दे. तिला परत आण. येशूच्या नावानं मागतो."

मी धडपडत उठून बटण पुरतं खाली दाबेपर्यंत 'आमेन'सुद्धा बाहेर गेलं होतं.

मग काय! हमाल 'आमेन' म्हणून ओरडायला लागले. कंडक्टर मंडळींनी ड्रायव्हरच्या खिडकीला गर्दी केली. "काय पाव्हणं, आली का जीभ?" एरवी अपघात झाला तरी जागचे न हलणारे लोक हे ऐकायला धावत आले होते. ड्रायव्हर स्टिअरिंगकडे बघत बसला. मग सगळं ऐकलेल्या त्या प्रवाशांना घेऊन तो अजिंठ्याला गेला.

वरिष्ठांनी कंट्रोलरना बोलावून झापलं. ड्युटीवर प्रार्थना बंद, असा हुकूम झाला. बाहेर येऊन ते वरिष्ठांची सालटी काढतील म्हणून मी कान टवकारून बसलो होतो. त्यांनी येऊन नुसती पुढची गाडी पुकारली.

संध्याकाळी गाडी परत आली. ड्रायव्हर केबिनच्या दारात उभा राहिला.

"साहेब, तुम्हाला एकट्याला सांगितलं व्हतं."

कंट्रोलर खुर्चीवरून उठले. "चुकलो," म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या रविवारी ते चर्चला गेले नाहीत. खुलताबादच्या पुढे ड्रायव्हरची सासुरवाडी होती. तिथे गेले, गाडीतून उतरल्यावर उन्हातून चालत. सासऱ्यानं पाणी दिलं. मुलगी बाहेर आली नाही. त्यांनी बंद दाराला सगळं सांगितलं, माफी मागितली आणि परतले. हे मला पुढे ड्रायव्हरकडून कळलं.

पुढच्या रविवारी चर्चच्या फाटकात तो अधिकारी टपून होताच. "काय साहेब, वेळ नाय मिळाला वाटतं?" आजूबाजूचे खदखदून हसले. कुठे गेलो होतो हे कंट्रोलरनी सांगितलं नाही. माझ्या खिडकीवर चौकशीला आलेल्या एका भाविकानं मला हा प्रसंग मिटक्या मारत ऐकवला. इतका आनंद त्याला उपासनेत कधी झाला असेल, असं वाटत नाही.

मग एके सकाळी एक बाई गाठोडं घेऊन आमच्या दारात आली.

"भोंग्यावर बोललेले तुम्हीच का?"

"व्हय, बाई."

"साऱ्या जिल्ह्याला माझं घर ऐकवलं. हळू बोललेलं तुमच्या देवाला ऐकू येत नाय का?"

"येतं."

"मग?"

कंट्रोलर खाली मान घालून उभे. मीही खिडकीकडे तोंड फिरवलं.

"पण चूक ह्यांची, असं तुम्हीच पहिल्यांदा म्हणलात," ती म्हणाली. "माझा बाप बी म्हणला नाय. समदे मलाच सांगत व्हते, ऐकून घे. ह्यांची गाडी कुठं लागती?"

त्यांचा हात माईककडे गेला, पण त्यांनी तो आवरला. तिचं गाठोडं उचललं आणि तिला स्वतः फलाटावर घेऊन गेले.

त्यांचा खवचटपणा यानंतर गळून पडला, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. गाठोडं पोचवून आले आणि मला म्हणाले, "बघत काय बसलास? खिडकीवर माणसं उभी आहेत." पण हुकुमामुळे डोळे मिटणं बंद झालं. आता ते उघड्या डोळ्यांनी फलाटाकडे बघत ओठ हलवायचे. कोणासाठी, ते कळायचं नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते गेले. छावणीच्या दफनभूमीत मंडळी जमली. धकाधकीच्या जीवनात विश्वास कसा जपावा, यावर चर्चचे पाळकसाहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बोलले. तो अधिकारी त्यांचं संपायच्या आधीच निघाला होता. ड्रायव्हरनं मूठभर माती टाकली, डोळे पुसले आणि ड्युटीवर गेला. मलाही खिडकी उघडायची होती.

फाटकातून वळून पाहिलं तर ड्रायव्हरची बायको एकटीच मागे राहिली होती. पदर खोचून ती मातीशेजारी बसली होती. ढेकळं फोडत, खडे वेचून बाजूला टाकत, तळहातानं ती माती सारखी करत होती.